तेरापेक्षा मंद

दादा गेला त्याला बेचाळीस दिवस झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. लोकांना वाटायचं, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, चहा करायचा, दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा आणि दुकानात जायचं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. त्या दिवसांत बोट कापलं तरी काचेवर रक्त दिसल्यावरच मला कळायचं.

त्या शुक्रवारी दुपारी मशीन चालू असताना दादाचा फोन वाजला. हो, दादाचाच. तो मी पर्समध्ये घेऊन फिरत होते आणि रोज रात्री चार्जही करत होते. घड्याळकाकांचा फोन होता.

घड्याळकाका म्हणजे आमच्या ताऱ्यांच्या मंडळाचे प्रमुख. मंडळात गावोगावची, देशोदेशीची साठ-सत्तर माणसं. कोणी शिक्षक, कोणी ड्रायव्हर, कोणी नर्स, दोन-चार नुसतेच रिकामटेकडे. अंधार पडला की आपापल्या गच्चीवरून ठरलेले तारे बघायचे आणि किती तेजस्वी दिसले ते मंडळाला कळवायचं. काही तारे लहरी असतात, वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि एक दिवस अचानक भडकतात. कधी, ते कुणीच सांगू शकत नाही. मोठ्या दुर्बिणींना रोज एकाच ताऱ्याकडे टक लावून बसायला फुरसत नसते, म्हणून ती राखण आमच्यासारख्यांनी करायची. नोंदीची वेळ दोन मिनिटांनी चुकली तरी काका फोन करून झाडतात, म्हणून ते घड्याळकाका. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही.

दादाच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून, गाडीच्या नंबरासारखं. दादा त्याला जावई म्हणायचा. "ठमे, हा येतो दहा-बारा वर्षांतून एकदा, पण वाट रोज बघायची. नाहीतर रुसतो." सव्वीस वर्षं वाट बघितली. जावई आला एकदाच, अकरा वर्षांपूर्वी, आणि सतरा दिवस राहून गेला. बाकी प्रत्येक संध्याकाळी नोंद तीच, 'दिसला नाही, तेरापेक्षा मंद.' या कामात आकडा वाढला की तारा मंद. जावयाच्या शेजारचा तेरा नंबरचा तारा आमच्या दुर्बिणीतून जेमतेम दिसतो. तो दिसला आणि जावई दिसला नाही, तर जावई तेरापेक्षा मंद, हा सरळ हिशेब.

दादा वर गच्चीवर असायचा आणि मी खाली स्वयंपाकघरात वही घेऊन. दिव्याच्या उजेडात आलं की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस मिनिटं जातात, म्हणून तो खाली यायचाच नाही. जिन्यातून ओरडायचा, "दिसला नाही! तेरापेक्षा मंद! सात बेचाळीस!" मग मी खालून ओरडायची, "लिहिलं!" हे ऐकल्याशिवाय तो पुढच्या ताऱ्याकडे वळायचा नाही. मी कढईत काही परतत असले आणि उत्तर द्यायला उशीर झाला, तर वरून पाय आपटायचा.

सव्वीस वर्षांच्या सगळ्या वह्या माझ्या अक्षरात आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"ताई, दादांना द्या जरा," काका म्हणाले.

"बाहेर गेलाय," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही.

"मग त्यांना सांगा, जावई आला! काल परदेशातल्या आपल्या एका माणसाने पाहिला. नऊ पॉइंट चार! तुमच्याकडे बुधवारपासून ढग आहेत ना? म्हणून हुकला त्यांचा. पण ऐका, खरी गंमत पुढेच आहे."

काका इतके खुशीत होते की त्यांना धाप लागत होती. जावई नेमका कोणत्या दिवशी भडकला, हे मोठ्या दुर्बिणीवाल्या शास्त्रज्ञांना हवं होतं. त्यांची सगळी गणितं त्या दिवसापासून सुरू होणार होती. मंडळात मंगळवारच्या दोनच नोंदी होत्या. एक आमची, सात चाळीसची, 'दिसला नाही, तेरापेक्षा मंद.' दुसरी एका बेकरीवाल्या बाईंची. बाई दूरच्या शहरात राहतात, मंडळात येऊन दोन महिने झालेले, बेकरीच्या पत्र्यावर उभं राहून साध्या दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून बघतात. त्यांनी साडेसातला लिहिलं होतं, 'आठ पॉइंट सहा.'

"आता दहा मिनिटांत आठचा तारा गायब होतो का?" काका हसले. "बाईंनी शेजारचा तारा पाहिला असणार. नवखी माणसं करतात असं. मी जरा चढ्या आवाजातच बोललो त्यांच्याशी. ग्रुपवर पोरांनीही चेष्टा केली, म्हणे भट्टीचा धूर डोळ्यांत गेला वाटतं. त्यांची नोंद मी खोडलीय. म्हणजे जावई मंगळवारी उठला नव्हता, बुधवारी उठला. हे कळलं कोणामुळे? आपल्या दादांमुळे! शास्त्रज्ञ त्यांचं नाव छापणार आहेत ताई. सव्वीस वर्षांचं चीज झालं."

मी मशीन बंद केलं.

"एकच करा. मंगळवारच्या वहीच्या पानाचा फोटो तेवढा पाठवा. फक्त नियम म्हणून हो."

मंगळवारचं पान नव्हतं. दादाला जाऊन तेव्हा एकोणचाळीस दिवस झाले होते.

त्याचं असं झालं होतं. दादा शेवटचे एकोणीस दिवस अंथरुणात होता. "तब्येत नरम आहे" एवढंच त्याने काकांना कळवलं होतं. तो गेल्यावर आठ दिवस घरात येणारे-जाणारे होते, नवव्या दिवशी घर रिकामं झालं. त्या संध्याकाळी काकांचा निरोप आला, "दादा, बरे झालात का? जावई एकटा पडलाय." त्याला उत्तर द्यायचं म्हणजे 'दादा गेला' असं टाइप करायचं. दोनच शब्द. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग मंडळाचं पान उघडलं आणि दादाच्या नावावर टाकलं, 'दिसला नाही, तेरापेक्षा मंद, सात चाळीस.' दुसऱ्या मिनिटाला काकांचं उत्तर आलं, "वा! आलात परत! जिवात जीव आला."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एरवी वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं, त्या दिवसांत तेवढं एकच वाटलं. मग रोज सात चाळीसला, ओट्यापाशी उभी राहून मी तेच टाकायची. खिडकीतून ढग दिसले तर तेवढं सोडायची, त्या मंगळवारपर्यंत दोनदा सोडलं. गच्चीवर एकदाही गेले नाही. तारा अकरा वर्षं दिसला नव्हता, आत्ताच कशाला दिसतोय? अशा एकोणतीस नोंदी झाल्या, आणि शेवटची त्या मंगळवारची.

घरी येऊन मी वही उघडली. कोरं पान समोर, वही माझी, पेन माझं, अक्षर माझं. एकोणतीस संध्याकाळच्या नोंदी अर्ध्या तासात भरून होतील, जगात कोणाला पत्ता लागणार नाही. दादाचं नाव छापून येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचं नाव. आणि कुठल्या कोण बेकरीवाल्या बाई, त्यांचं काय बिघडणार होतं? मी पेनाचं टोपण काढलं. छातीत धडधड नाही, हाताला घाम नाही. काचेचा नंबर टिपावा तशी मी तारीख टाकली.

आकाशाचा शेरा कसा लिहायचा ते बघायला एक पान मागे उलटलं. तिथे दादाचे शेवटचे एकोणीस दिवस होते. एकोणीस ओळी, सगळ्या माझ्या अक्षरात. 'पाहिलं नाही. पाहिलं नाही. पाहिलं नाही.'

त्यातल्या पहिल्याच दिवशी आमचं वाजलं होतं. त्याला बसताही येत नव्हतं. मी म्हणाले, "दादा, 'दिसला नाही' असं लिहून टाकते. तसाही कुठे दिसतो मेला!" तर तो माणूस, ज्याला पाण्याचा पेला उचलत नव्हता, तो माझ्यावर ओरडला. "गाढव आहेस का? मी बघितलाय का तो? मग दिसला नाही कसं म्हणतेस? मी पाहिलं नाही, असं लिही!" नंतर खोकत राहिला. मी चिडून लिहिलं आणि वही आपटली. मग रोज संध्याकाळी तो हळूच विचारायचा, "लिहिलं?" शेवटच्या दिवशी नुसती भुवई उडवून विचारलं. मी म्हणाले, "लिहिलं रे बाबा, लिहिलं. झोप आता."

मी टाकलेली तारीख खोडली आणि काकांना फोन लावला.

"काका, मंगळवारचं पान नाही. मंगळवारी कोणी पाहिलंच नव्हतं."

"म्हणजे? दादांनी—"

"दादा गेला." दोन शब्द, निघाले तोंडातून. "एक्केचाळीस... नाही, बेचाळीस दिवस झाले. त्यानंतरच्या एकोणतीस नोंदी माझ्या. खोट्या. वर न जाता टाकलेल्या. त्याआधीची एकूण एक खरी आहे, सगळ्या वह्या पाठवते, हव्या तशा तपासा. त्याला बोल लावू नका. बेकरीवाल्या बाईंनी खरंच पाहिला असणार."

मला वाटलं, आता बरसणार. मीच असते तर बरसले असते.

"मी 'आलात परत' लिहिलं तेव्हा..." काका म्हणाले. "ती नोंद वाचून बायकोला हाक मारून सांगितलं होतं हो. म्हटलं, दादा बरे झाले."

"हो," मी म्हणाले.

मग त्यांनी कामाचं बोलायला सुरुवात केली आणि मला हायसं वाटलं. एकोणतीस नोंदी ते आजच खोडणार, शास्त्रज्ञांना चूक कळवणार, बेकरीवाल्या बाईंची नोंद परत लावणार. "पण त्यांची माफी मात्र दोघांनी मागायची. माझी मी मागतो, तुमची तुम्ही मागा. त्या कालच मंडळ सोडून गेल्या." दादाचं नाव छापून येणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "दादांचा क्रमांक बंद करावा लागेल ताई. खाली एकूण नोंदी आणि शेवटची तारीख येईल. ती किती टाकू?"

मी वहीत बघून एकोणीस दिवसांच्या आधीची तारीख सांगितली. त्यांनी ती परत म्हणून दाखवली. बरोबर होती.

बेकरीवाल्या बाईंना लगेच फोन केला. त्या गिऱ्हाइकात होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीन दिवस मी स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालतेय. चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते मी!" माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आज बघा. अजून आहे तो."

सातच्या सुमाराला ढग हटले. सव्वीस वर्षांत मी गच्चीवर कितीदा गेले असेन, पण चहा घेऊन. जावई मागे आला होता तेव्हा दादाने मला धरून बसवून शिकवलं होतं, तेवढ्याच भांडवलावर दुर्बिणीचं फडकं काढलं. वीस मिनिटं अंधारात नुसती बसले. मग डोळा लावला. शोधायला वेळ लागला, पण जिथे अकरा वर्षं काळंभोर होतं तिथे तो होता. एवढासा ठिपका, पण चांगला ठसठशीत. जावई आला होता आणि घरात त्याला या बसा म्हणायला कोणी नव्हतं.

शेजारी नऊ पॉइंट तीनचा तारा, जावई त्याच्यापेक्षा जरा मंद. पलीकडे नऊ पॉइंट आठचा, त्याच्यापेक्षा बरा. मी घड्याळ पाहिलं आणि जिन्याकडे तोंड करून सगळा जोर लावून ओरडले, "नऊ पॉइंट पाच! सात एकोणचाळीस!"

आणि उत्तराची वाट बघत थांबले.

खाली स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. ओट्यावर वही उघडी होती. पाय आपटायलाही मी उचलला आणि मग माझ्या लक्षात आलं, की 'लिहिलं' म्हणणारी मीच. खाली कोणी नाही. वर कोणी नाही. दादा नाही. मी तिथेच दुर्बिणीच्या पायाशी बसले आणि मोठ्याने रडले, बेचाळीस दिवसांचं. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि परत बंद झाली.

मग नाक पुसून पुन्हा डोळा लावला, पण ठिपका फुटून पसरत होता. काही केल्या एक होईना. तेव्हा खाली आले आणि लिहिलं.

'सात एकोणचाळीस. नऊ पॉइंट पाच. आकाश स्वच्छ.'

त्याखाली दुसरी ओळ. 'आठ पाच. पाहिला. डोळ्यांत पाणी. अंदाज नाही.'

पेनाला टोपण लावलं. मग जिन्याखाली जाऊन उभी राहिले आणि वर बघून ओरडले, "लिहिलं!"