पासिंगला निघालेली रायफल

"काहीही करू नका काका. धूळसुद्धा पुसू नका. आहे तशी मला बघू द्या," पुण्याच्या संग्रहालयातून काव्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

"व्हय मॅडम. न्हाय पुसत," असं म्हणून हरिदास शिवशरण यांनी फोन ठेवला. पुसायचं तर सोडाच, रायफल घरातच नव्हती. सकाळीच गोधडीत गुंडाळून ती त्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेली होती आणि सोमेशच्या बफिंगच्या कारखान्यात टाकून आले होते. निघताना वर बजावलंही होतं, "डाग ऱ्हाता कामा न्हाय, सोमेश. आरशागत दिसली पायजे."

त्यांनी सोमेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बफिंगची मोटर चालू असली की तिथे छप्पर कोसळलं तरी ऐकू येत नाही, मग फोन कुठला ऐकू येणार?

"शालन, चल. बस गाडीवर."

"अवो, पण कुटं?" बायको शालनबाईंच्या हाताला पीठ होतं.

"सोमेशकडं. चल म्हंतो न्हवं!"

हरिदासांचं सगळं आयुष्य बसडेपोच्या वर्कशॉपात गाड्या रंगवण्यात गेलं. गाडी पासिंगला जायची म्हणजे आरटीओचा साहेब तिला तपासणार. मग आधी ठोकाठोकी, मग खड्डे बुजवायला लांबी, मग पॉलिश पेपर, मग दोन हात रंग. साहेबापुढे मळकी गाडी नेणं म्हणजे डेपोची अब्रू घालवणं. त्यामुळे संग्रहालयाच्या मॅडम रायफल 'तपासायला' येणार हे कळल्याबरोबर त्यांच्या डोक्यात एकच आलं, की बाबांची रायफल पासिंगला निघाली. त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

शांती चौकात गाड्या तुंबल्या होत्या. हरिदास हॉर्न दाबत होते आणि मागून शालनबाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होत्या. "हळू चालवा की. बंदूक वाचवायला निघालाय आन् मला मारताय!"

रायफल हरिदासांच्या बाबांची, ज्ञानू शिवशरण यांची. दुसऱ्या महायुद्धात ज्ञानू इटलीत रस्ते बांधणाऱ्या तुकडीत होते. एका सकाळी दरडीआडून एक जर्मन शिपाई हात वर करून त्यांच्यासमोर आला आणि त्याने आपली रायफल खाली ठेवली. ज्ञानूंच्या हातात त्या वेळी फक्त टिकाव होता. साहेबाच्या परवानगीने ती रायफल सोलापूरला आली, पुढे पोलीस ठाण्याने नळीत शिसं ओतून तिची वाचा कायमची बंद केली आणि कागदपत्रं करून परत दिली. ज्ञानू ही हकीकत कधी वाढवून सांगत नसत. तरी लोक हसायचेच. "रस्त्याच्या मजुराला जर्मन कशाला शरण येतोय? भंगारात मिळाली आसंल!" असं एकजण पारावर म्हणाला होता. लहानग्या हरिदासने ते ऐकलं होतं आणि बाबांनी खाली घातलेली मानही पाहिली होती. ती मान ते विसरले नाहीत. संग्रहालयात रायफलीखाली बाबांचं नाव लागावं, चार अनोळखी लोकांनी ते थांबून वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मरायच्या आधी एवढं झालं की बस, असं ते शालनबाईंना रोज एकदा तरी ऐकवत.

आणि नाव लागायला पुरावा होता. लष्करात अक्षरओळख झाल्यावर ज्ञानूंनी रायफलीच्या लाकडी दस्त्यावर खिळ्याने स्वतःचं नाव, गाव आणि इटलीतलं ते ठिकाण कोरलं होतं. अक्षरं वाकडीतिकडी, पण खोल.

कारखान्याच्या दारातच सोमेश हसत सामोरा आला. घरी तेलुगू बोलणारा, बाहेर पक्का सोलापुरी गडी.

"काका, लाईट गेली बघा मगाशी. नळी ऱ्हायलीय अजून. पण दस्ता कसला झालाय बघा की!"

दस्ता खरोखरच आरशासारखा झाला होता. खिडकीतला उजेड त्यावर सरकत होता. हरिदासांनी हात फिरवला. एकदा फिरवला, मग उलटा फिरवला.

"हितं लिवलं हुतं सोमेश."

"ते व्हय? पोरांनी खिळ्यानं गिरबटलं आसंल म्हनलं. लई खोल हुतं काका, पट्ट्यावर धरून धरून काढलं." सोमेशने हौसेने सांगितलं आणि मग त्याचं लक्ष हरिदासांच्या तोंडाकडे गेलं. "का वो? काय झालं?"

अति तिथे माती म्हणतात, ती अशी. हरिदास तिथल्या पत्र्याच्या डब्यावर मटकन बसले. सोमेशला काय बोलणार? डाग राहता कामा नये, हे कुणी सांगितलं होतं?

शालनबाईंनीच त्याला सगळं सांगितलं. सोमेश बिचारा काळवंडला. त्याने खूप वेळ दस्ता हातात फिरवला आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्या मेव्हण्याकडं कोरायचं मशीन हाय. तुमी सांगाल ते अक्षर कोरून देतो. वाकडं पायजे तर वाकडं. वरनं च्याचं पानी मारलं की जुनं दिसतंय. कुनाच्या बापाला कळायचं न्हाय."

हरिदासांनी मान वर केली. डोळ्यांत एकदम आशा आली. ती शालनबाईंनी पाहिली आणि त्या घाबरल्या.

"आन् त्या पुन्याच्या पोरीनं विचारलं, ह्ये कुनी लिवलं? मग काय सांगनार?"

"बाबांनी लिवलंच हुतं की. खोटं हाय का ते?"

"लिवलं हुतं. पर ते ह्ये न्हवं."

हरिदास उठले. रायफल गोधडीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी शालनबाईंच्या मांडीवर आडवी ठेवून ते घरी आले. मशीनचा विचार मात्र घरापर्यंत मागे लागून आला. संध्याकाळी त्यांनी सोमेशला फोन करायला दोनदा फोन उचलला आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. तिशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मऊ. सतरंजीवर पांढरं कापड अंथरून त्यांनी रायफल त्यावर ठेवली, हातमोजे घातले आणि भिंग काढलं. हरिदासांची मुलगी धम्मप्रिया शाळेतून रजा घेऊन आली होती. ती वडिलांच्या शेजारी उभी राहिली.

मॅडमनी आधी दस्ता पाहिला. भुवया जवळ आल्या. मग नळीवर एक द्रव लावून कापसाने रंग काढू लागल्या. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग लागायचा, तेव्हा डेपोतल्या काळ्या रंगाचा एक हात रायफलीच्या नळीलाही बसायचा. थरावर थर चढले होते.

"हा रंग कुणी दिला?"

"मीच," हरिदास म्हणाले. संपलं, असं त्यांना वाटलं.

"बरं झालं दिलात. खाली गंजाचा ठिपका नाही." मॅडमनी स्क्रू काढून लाकूड वेगळं केलं. "हे बघा. त्यांच्या कारखान्यात रायफलीच्या नंबराचे शेवटचे आकडे छोट्या छोट्या भागांवरसुद्धा ठोकायचे. युद्धानंतर जोडून-जाडून केलेल्या रायफलीत ते जुळत नाहीत. तुमच्या रायफलीत सगळे जुळतायत. काका, ही अस्सल आहे. कुणी कधी उघडलेलीसुद्धा नाही."

शालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धम्मप्रिया हसली. हरिदास हसले नाहीत, कारण मॅडमचं बोट आता दस्त्यावर आलं होतं.

"इथं ताजं घासलंय. काही होतं का इथं?"

खोटं सांगायची ती शेवटची संधी होती.

"माझ्या वडलांचं नाव हुतं," हरिदास म्हणाले. "मीच पॉलिशला टाकली. तुमी येनार म्हनून."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "फोटो आहे का एखादा?"

धम्मप्रियाने फोन उघडला. जयंतीचे फोटो खूप होते. प्रत्येक फोटोत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे रायफल मांडलेली, आणि प्रत्येक फोटोत दस्त्यावर झेंडूचा मोठा हार. शालनबाई दर वर्षी हौसेने घालायच्या तो. धम्मप्रिया फोटो सरकवत राहिली, मग तिने फोन पालथा ठेवला.

"काका, मला तुमचं पटतंय," मॅडम म्हणाल्या. "पण वस्तूवर किंवा कागदावर जे दिसतं तेवढंच आम्हाला पाटीवर लिहिता येतं. ठाण्याच्या कागदावर ही कुठून, कुणी आणली ते नाही. 'जर्मन सैनिकी रायफल, दुसरे महायुद्ध' आणि खाली देणाऱ्याचं नाव. ज्ञानूजींचं नाव मला नाही लिहिता येणार. नसेल द्यायची तर नका देऊ, मी समजू शकते."

हरिदास बराच वेळ सुट्या केलेल्या रायफलीकडे पाहत बसले. घरात ठेवली तर आपल्यामागे ही ठाण्यात जमा होणार आणि कुठल्यातरी खोलीत सडणार, हे त्यांना माहीत होतं. धम्मप्रियाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"न्या," ते म्हणाले.

मॅडमनी पेन काढलं. "देणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"हरिदास ज्ञानू शिवशरण."

मॅडमनी लिहून कागद त्यांच्यापुढे धरला. 'श्री. हरिदास ज्ञा. शिवशरण, सोलापूर.' हरिदासांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कागद अदबीने परत केला.

"मॅडम, तेवढं मधलं नाव पुरं लिवा. आखूड करू नका."

मॅडमनी ते खोडलं आणि सावकाश, एक एक अक्षर सुटं दिसेल असं, पुन्हा लिहिलं.