उरेब कापलेला गुलाब

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, तिघं राहतात. एक शिंपी, त्याची नोकरी करणारी लेक आणि एक गुलाब. गुलाबाला मी मुद्दाम माणसांत मोजतो, कारण त्या वर्षी त्या घरात सगळ्यांत जास्त खाणारा तोच होता.

शिंपीणबाई होत्या तोवर गॅलरीतल्या कुंडीत तो गुलाब असा फुलायचा, की रस्त्यापलीकडची माणसं डोळे तपासून घ्यायची. त्यांना म्हणे एका बाजूला सगळं लालच दिसायचं. बाई गेल्या आणि गुलाबानं फुलणं सोडलं. पाठोपाठ शिंप्यानं शिवणं सोडलं. मशीनवर चादर टाकली, कात्री खिळ्याला अडकवली. गिऱ्हाइकं यायची, अर्धवट कापडं उचलून तोंड वाकडं करत जायची.

लेक म्हणायची, "बाबा, अहो, किती दिवस असं भिंतीकडे बघत बसणार?"

"तिच्या गुलाबाला फूल येऊ दे. मग धरतो कात्री. तोवर बोलू नकोस."

लेकीनं ओळखलं, बापाला उठवायचं तर आधी गुलाबाला उठवायला हवं. मग काय, सगळी इमारत कामाला लागली. केळ्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, पोतंभर शेणखत, शिवाय दुकानातली पांढरी खतं. मी माझ्या घरचं मासे धुतलेलं पाणी नेऊन ओतलं. गुलाबानं सगळं गिळलं, ढेकर दिली आणि पानं काढली. पानं, पानं, नुसती पानं! एक फांदी त्यांच्याही वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत शिरली आणि तिनं वाटीभर साखर मागितली. दुसरी खाली रस्त्यावर लोंबली आणि तिनं पोस्टमनच्या पाठीवरून सदरा ओढला, टर्रकन फाडला.

पोस्टमन तणतणत वर गेला. शिंप्यानं सदरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, फाटल्या जागेवरून बोट फिरवलं आणि तसाच परत दिला.

साखरेची गोष्ट मी जरा सैल शिवली असेल, पण सदऱ्याची अगदी खरी आहे. पोस्टमन निघून गेल्यावर लेक जिन्यात बसून पदराला डोळे पुसत होती, ते मी पाहिलं.

शेवटी गॅलरीचं दारच उघडेना, इतकी पालवी माजली. एका सकाळी लेकीनं मला दोरी धरायला बोलावलं. "काका, फांद्या बांधून तरी ठेवू. घरात उजेडच नाही हो." शिंपीही कुरकुरत बुंध्याशी उकिडवा बसला. पानं बाजूला सारली आणि तिथेच थबकला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"हे कुणी कापलंय?"

"आईनंच की. दुसरं कोण कापणार?"

"कशानं कापलंय?"

जुन्या लाकडावर जुने काप होते. एकूणएक तिरके. शिंपी लोक कापड तिरकं कापतात, त्याला उरेब म्हणतात, अगदी तसे. आणि प्रत्येक कापाच्या टोकाला एक बारीकसा ओरखडा होता. शिंपी उठला, खिळ्यावरची कात्री काढली आणि पात्याच्या टोकाजवळची खाच अंगठ्यानं चाचपत राहिला.

आता ही कात्री म्हणजे काय चीज, ते ऐका. त्या घरात दुधाची पिशवी दातांनी फोडायची, पण कात्रीला हात लावायचा नाही. कापडाच्या कात्रीनं कागद कापला तरी ती बोथट होते, असा शिंप्याचा कायदा. तरीही दर हिवाळ्याच्या शेवटी ती बोथट व्हायचीच. आणि एकदा त्यानं मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, रंगेहाथ पकडलं होतं. मेव्हणा पत्र्याच्या बादल्या करणारा. एका हातात ही कात्री, दुसऱ्या हातात कानस. "माझ्या कात्रीनं पत्रा कापतोस?" म्हणून शिंप्यानं आकाशपाताळ एक केलं. मेव्हणा एक शब्द न बोलता जिना उतरला, तो पुन्हा चढलाच नाही. बहीण गेली त्या दिवशीसुद्धा खाली फाटकाशी उभा राहून परत गेला.

लेकीनं मामाला फोन केला. दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दाराच्या अलीकडेच थांबली.

"दाजी, आत येऊ, की इथूनच शिव्या खाऊ?"

"आत ये आधी." शिंप्यानं कात्री पुढे केली. "तू पत्रा कापत नव्हतास."

"पत्रा कापायला माझी कात्री नाही का? तुमची ही नाजूक नार पत्र्याला लावली असती तर तिचे दोन तुकडे हातात आले असते. मी धार लावत होतो. दरवर्षी लावायचो. ताई गुलाब छाटायची हिनं. सुरीनं फांदी चेचते म्हणायची."

"मला कधी कळलं कसं नाही?"

"तुम्ही दुपारी घोरता, दाजी. शेजारी इमारत पाडली तरी तुम्हाला कळलं नसतं."

"अरे, मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"ताईनं शपथ घातली होती. तुम्हाला कळलं तर कात्री कुलपात जाईल, मग गुलाब संपला."

शिंप्यानं मेव्हण्याला हाताला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण उभा राहिला.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही याच्या फुलाची वाट बघताय आणि हा तुमच्या कात्रीची."

"तिच्या झाडाला कात्री लावू?" शिंप्यानं कात्री छातीशी धरली. "कापड चुकलं तर दुसरं आणता येतं गं."

"मी सांगतो ना," मेव्हणा म्हणाला. "आधी वाळलेल्या फांद्या. मग एकमेकींना घासणाऱ्या. मग बाहेर तोंड केलेला डोळा बघायचा, जिथून फूट निघते तो, आणि त्याच्या जरा वर, उरेब."

"उरेब तिला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. जागे असताना."

पहिल्या फांदीला त्यानं चष्मा दोनदा पुसला. दुसरीला एकदा. तिसरीपासून मात्र कापड कापतानाचा जुना कचकच सूर असा लागला, की लेक तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. संध्याकाळी गॅलरीत पहिल्यांदा ऊन आलं. कुंडीत उरली ती चार काटकुळी बोटं. इमारतीतले म्हणाले, म्हाताऱ्यानं गुलाबाचं टक्कल केलं. लेकीनं खतांची पोती माझ्या दारात आणून टाकली. "काका, आता याचे लाड बंद."

त्याच रात्री जेवताना माझ्या डोक्यावर मशीन धडधडू लागलं. मी वर जाऊन म्हटलं, "काय हो, फूल कुठाय? तुमची अट होती ना?"

"गप रे थापाड्या," शिंपी मान वर न करता म्हणाला. "कात्री हातात आलीच होती, म्हटलं कापड कापून घेऊ. पोस्टमन दिसला तर सदरा घेऊन ये म्हणावं."

दीड-दोन महिन्यांनी पहिली कळी उमलली. केवढी? छत्रीएवढी. बरं, वाटीएवढी. शिंप्यानं ती उरेब कापली, कागदात न गुंडाळता हातात धरली आणि भर बाजारातून मेव्हण्याच्या पत्र्याच्या दुकानापर्यंत चालत गेला.

दुधाची पिशवी त्या घरात अजून दातांनीच फोडतात. गुलाबाला मात्र कात्रीची मुभा आहे, आणि धार लावायला मेव्हणा जिना चढून येतो.