खारूताईनं नेलं

गादी उलटी करून झाली, उशांचे अभ्रे झटकून झाले, साखरेचा डबासुद्धा मी ताटात उपडा केला. आईच्या हातात रोज दिलेल्या गोळ्या कुठंच नव्हत्या.

"घेतल्याच असतील रे त्यांनी," बायको म्हणाली.

"मग पाय का सुजलेत? संध्याकाळी डॉक्टर डोस वाढवणार. पहिल्या गोळ्या पोटात गेल्यात की नाही, हे नको कळायला?"

"खारूताईनं नेल्या अस..." तिनं जीभ चावली.

आमच्या घरातला हा जुना शब्द. आई हॉस्पिटलच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी शिवायची. तिला काही टाकवत नसे. बटणं, नाड्या, दोऱ्याची गुंडाळी ती कुठंकुठं दडवायची आणि नेमक्या वेळी काढून द्यायची. काही सापडेनासं झालं की बाबा म्हणायचे, "खारूताईनं नेलं!" म्हणजे वस्तू घरातच आहे, घोर नको. आई लटकं रागवायची, पण मनातून खूश असायची. हल्ली कुठं काय ठेवलं ते तिलाच आठवत नाही. तो शब्द आता मला ऐकवत नाही.

"काय शोधतोयस? मला सांग, मी देते काढून," आई म्हणाली.

"तुझ्या गोळ्या! मरायचंय का तुला?"

मी केवढ्यांदा ओरडलो! ती घाबरून खिडकीपाशी गेली आणि तिनं पडदा मुठीत धरला. मी तो सोडवायला गेलो, तर खालच्या दुमडीत खडे लागले हाताला. तुरपाई इतकी बारीक, की टाका सापडेना. शेवटी कात्रीनं उसवली. पांढऱ्या गोळ्या टपटप फरशीवर पडल्या.

"अरे, उसवलीस!" आई कळवळली. "तुझ्याचसाठी ठेवल्या होत्या. रात्री धाप लागली तुला, तर कुठं धावू मी?"

माझा दमा शाळेत असतानाच बरा झाला होता. दमा होता तेव्हा आई रात्ररात्र मला छातीशी टेकवून बसायची.

बायकोनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, "डोस वाढवू नका, त्यांनी घेतल्याच नाहीत." मी पाकिटातली नवी गोळी काढून आईसमोर धरली.

"मी बरा झालोय, आई. ही तुझी आहे. घे ना."

"बघू," ती म्हणाली. मला पाठमोरं वळवून तिनं पाठीला कान लावला. "श्वास घे. अजून एक."

तिच्या गालाची ऊब सदऱ्यातून जाणवली आणि मला भरून आलं. खूप आवरलं, पण श्वास अडखळलाच.

"बघ, घरघर आहे अजून," आई म्हणाली, आणि तिनं ती गोळी माझ्याच मुठीत कोंबली.