कण्यातलं आयुष्य

रविवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ताई उरलेलं मांस सोडवायची आणि इंग्रजीचा मास्तर असलेला तिचा धाकटा भाऊ दुकानातच वह्या तपासत बसायचा. खाटकाचं दुकान वडिलांचं. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ती महिन्यापूर्वी माहेरी आली आणि लहानपणी वडिलांनी शिकवलेला सत्तूर तिने पुन्हा हातात घेतला.

“‘इऑन’ म्हणजे काय रे?” एका रविवारी तिने वहीत डोकावत विचारलं.

“अब्जावधी वर्षं. पण मुळात ग्रीकांचा हा शब्द एवढा लांबलचक नव्हता. माणसाचा जीव, त्याचं आयुष्य, एवढंच. आपलं ‘आयुष्य’ आणि तो, चुलत भावंडंच म्हण. काही जुन्या लिखाणात तर कण्यातल्या मज्जेलाही तोच शब्द आहे.”

“मज्जाच आहे ग्रीकांची!” ती हसली. समोरच्या बोकडाच्या कण्यातली पांढरी दोरी तिने सुरीच्या टोकाने उचलून दाखवली. “ही तुटली की जनावर पायांतून जातं. आम्हाला नाही शिकवलं कुणा ग्रीकाने.”

तेवढ्यात तिचा नवरा आत शिरला. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड ओट्यावर आपटलं. दोन दात पडले.

“दाजी, सोडा तिला!” भावाने तिच्यावर पालथं पडून तिला झाकलं. नवऱ्याने ओट्यावरची सुरी उचलली आणि त्याच्या पाठीत मुठीपर्यंत खुपसून उपसली.

भाऊ घसरून खाली पडला. ताईने सत्तूर उचलला. एकाच घावात नवऱ्याचा पंजा मनगटापासून उडाला. तो बोंबलत पालथा कोसळला, तशी ती त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसली. मानेचे मणके चाचपले. घाव कुठे बसवायचा हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं. हात वर गेला.

“ताई,” मागून भाऊ अगदी हळू म्हणाला, “माझे पाय कुठेयत गं?”

तिने सत्तूर टाकला आणि ॲप्रनचा बोळा भावाच्या जखमेवर दाबून धरला, शेजारी धावत येईपर्यंत.

नवरा जगला आणि तुरुंगात गेला. ताईला कोर्टाने सोडलं. भाऊही जगला, पण कमरेखाली काही उरलं नाही. त्याची कूस बदलायला ती दर दोन तासांनी हात धुऊन दुकानातून वर यायची.

“त्याला सोडायला नको होतंस,” एकदा तो म्हणाला.

“तू हाक मारलीस ना.”

त्याने तिचा हात झटकला. ती खाली गेली. दोन तासांनी पुन्हा वर आली.