इंद्रभानाचं खोगीर हाजिर

मित्रांनो, बीबी गावात शालिग्रामच्या बैलांच्या कोठ्यात खुंटीला एक जुनं, तडकलेलं खोगीर लटकलेलं आहे. ते मी. माझ्या खोलगट पोटात एक कोंबडी अंडी घालते. ती मला टोपलं समजते. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही, तेवढीच सोबत.

मी सांगतो ते सगळं खरं आहे. कुठे जरा फुगलेलं वाटलंच, तर चामडं पावसाळ्यात फुगतं, त्यातला प्रकार समजा.

जालन्याच्या छावणीबाहेर एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं. शालिग्रामचा बाप इंद्रभान तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याच्या वडिलांनी त्याला पाखऱ्या नावाचा घोडा दिला, पाखऱ्यावर मला चढवलं, माझ्यावर इंद्रभानाला, आणि दिलं धाडून फौजेत.

त्या फौजेची गंमत ऐका. नाव हैदराबादच्या निजामाचं, हुकूम इंग्रज साहेबाचा, आणि खर्च आपल्या वऱ्हाडच्या वसुलातून. त्या खर्चापायी तर वऱ्हाड इंग्रजाच्या ताब्यात गेलेला. ज्याच्या नावाची फौज, त्याला तिच्यातला एक तट्टूसुद्धा डावीकडे वळवायची सोय नव्हती. मी मात्र ना निजामाचा, ना साहेबाचा. शिलेदारीची रीतच अशी, की घोडा आणि खोगीर स्वाराचं स्वतःचं. म्हणून मुआयन्याच्या, म्हणजे तपासणीच्या, दिवशी साहेब रांगेसमोरून चालायचा आणि नाव पुकारायचा. स्वार म्हणायचा, "हाजिर." साहेब विचारायचा, "घोडा?" स्वार पुन्हा म्हणायचा, "हाजिर." हे दुसरं 'हाजिर' तोंडातून निघालं नाही, की शिलेदारी संपली.

हिंगोलीच्या छावणीत आम्ही पुष्कळ लढाया जिंकल्या. बहुतेक संध्याकाळी, चिलमीभोवती. पाखऱ्या असा, की रजेवर गावी येताना लोणारच्या तळ्यात त्यानं एकदा तोंड घातलं, चव आवडली नाही म्हणून थुंकला, आणि तेव्हापासून ते पाणी खारं आहे. तळं त्याच्या आधीही खारंच होतं, असं काही लोक म्हणतात. ते लोक पाखऱ्यावर बसले नव्हते.

मग एका मुआयन्याच्या आदल्या दिवशी पाखऱ्या पोटशुळानं गेला. सकाळी इंद्रभान रांगेत उभा राहिला, मला छातीशी धरून. नाव पुकारलं. "हाजिर." साहेबानं विचारलं, "घोडा?" इंद्रभानाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या वेळी ती फौजही मोडतच होती. निजामाचं नाव पुसून तिला इंग्रजी फौजेत मिसळत होते, मग घोड्यावाचूनच्या स्वाराची कोणाला फिकीर? इंद्रभान मला डोक्यावर घेऊन पायी बीबीला आला. मित्रांनो, खोगिरानं माणसावर बसून प्रवास करावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

गावात त्यानं सांगितलं, "म्याच सोडली नोकरी." 

पुढे बरी वर्षं गेली. दसऱ्याला तो मला जवसाचं तेल चोळायचा, तलवारीशेजारी मांडून हळदकुंकू वाहायचा. गावातले नवरदेव मला मागून न्यायचे, घोडा कुठून कुठून आणायचे. शालिग्रामची वरातही माझ्यावरूनच गेली. मग नवरदेव बैलांच्या दमणीत बसू लागले. तेल थांबलं, मी कोठ्यात आलो. खोगीर एकट्यानं काहीच नसतं, मित्रांनो. खाली घोडा लागतो, वर माणूस लागतो. मधलं तेवढं मी उरलो होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. शालिग्रामची विहिरीवरची चामडी मोट फाटली आणि ठिगळासाठी त्याची नजर माझ्यावर पडली. कोठ्याच्या उंबऱ्यावर तो चामडं कापायची राप्पी पाजळत बसला होता. तेवढ्यात गल्लीतून दवंडी गेली, "उद्या जनावराईची मोजणी हाये हो. साहेब येतीन. ज्यानं त्यानं आपली जनावरं दारात बांधा."

ओसरीवरून इंद्रभानानं ते ऐकलं. चौऱ्यांशी वर्षांचा जीव, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात ताप. तो उठून बसला आणि सुनेला हाक मारली, "सत्यभामा, माह्या घोडा कुठी हाये? उद्या मुआयना हाये."

"मामाजी, थे बैलं मोजाले येऊन राह्यले," सत्यभामाबाई म्हणाली.

"साहेब विचारीन. मंग म्या काय सांगू? पुन्हा तसाच उभा राहू काय?"

त्या 'पुन्हा'चा अर्थ त्या घरात फक्त मला ठाऊक होता. म्हातारा जेवला नाही. भाकरी तशीच परत आली.

सकाळी सत्यभामाबाईनं मला खुंटीवरून काढलं, कोंबडीला हाकललं आणि तांबड्या बैलाच्या पाठीवर टाकलं. बैलाचं वशिंड मला पुढे सरकू देईना. पोटाखालून आवळायचा तंग पुरेना, तर तिनं त्याला दावं बांधलं.

शालिग्राम कपाळाला हात लावून म्हणाला, "काऊन वो, येडी झाली काय? लोकं हसतीन."

"तुमची वरात याच्यावरूनच गेली ना? तवा हासले काय लोकं?"

"तवा खाली घोडा होता."

"अन् वर तुमी होते. त्याच्यावरबी कोनी हासलं नाही."

शालिग्रामनं बैलाची वेसण धरली.

म्हाताऱ्याला दारात आणून उभं केलं. त्यानं माझ्यावर हात फिरवला. तो हात मी अंधारातही ओळखला असता. तंग चाचपला, रिकीब चाचपली, मग हात पुढे गेला आणि शिंगाला लागला. थोडा वेळ तिथेच थांबला.

"घोडा ब्येस हाये," तो हळूच म्हणाला. "शिंगं तेवढी झाका. साहेब कडक हाये."

सत्यभामाबाईनं पदराचा शेव शिंगांवर धरला. मग सगळे वाट पाहत राहिले. हजेरी घ्यायची कोणी? शालिग्रामनं घसा खाकरला, पण बापाचं नाव बापाच्या तोंडावर कसं घ्यावं? आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तर एकांतातसुद्धा घेऊ नये. हळदीला आलेल्या बायकांनी नाव घे म्हणून किती अडवलं होतं, तरी तिनं ते उखाण्यातही कधी येऊ दिलं नव्हतं.

म्हातारा ताठ उभा होता. 

तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "इंद्रभान."

"हाजिर."

"घोडा?"

"हाजिर," इंद्रभान म्हणाला. एवढ्या मोठ्यानं, की बैल बिचकला आणि मी घसरून त्याच्या पोटाखाली गेलो.

दुपारी मोजणीवाला बाबू आला. म्हातारा जेवून झोपला होता. "घोडा वगैरे?" बाबूनं विचारलं. "नाही," शालिग्राम म्हणाला. खरं तेच म्हणाला. मला खुंटीवर ते ऐकू आलं.

इंद्रभान पोळ्याच्या आधी गेला. शालिग्राम राप्पी घेऊन कोठ्यात आला, माझ्यावर हात ठेवून जरा उभा राहिला, आणि मोटेला जुन्या जोड्याचं ठिगळ लावलं. पुढे विहिरीवर इंजिन आलं आणि मोटही माझ्या शेजारच्या खुंटीला आली. ती बोलत नाही. जन्मभर पाण्यात बुडून आल्यावर बोलणार काय?

मित्रांनो, तुमच्याही घरी असं काही लटकत असेल. तेल नसलं तर राहू द्या. जाता-येता एकदा हात ठेवा, नावानं हाक मारा. कोंबडी उठून गेली, की सकाळी कोठ्यात फार शांत असतं. तेव्हा मी स्वतःच विचारतो, "घोडा?" आणि पाखऱ्याच्या वतीनं मीच सांगतो, "हाजिर."