तांदूळ हातात घेऊन

आमच्या उमेश सरांना कुठल्याही गोष्टीच्या दोन बाजू दिसतात, अगदी कॅन्टीनच्या पातळ चहाच्यासुद्धा. अकरावीला ‘वक्तृत्व आणि युक्तिवाद’ हा विषय त्यांनीच हट्टाने सुरू करून घेतला. दिवाळीच्या सुट्टीआधी सत्राचं शेवटचं काम दिलं, तेही त्यांना शोभेल असंच. आपल्या गावातला खराखुरा वाद निवडायचा, आपल्याला न पटणारी बाजू मांडायची, आणि वर्गात उभं राहण्याआधी ती गावातल्या मोठ्या माणसांसमोर बोलून बघायची. त्यांच्या शंका लिहून घ्यायच्या आणि भाषण सुधारायचं.

मी नरपडची. आमच्या चिकूच्या वाडीत औषध फवारावं की नाही, यावर बाबांचं आणि काकांचं रोज वाजतं. मी तोच फुसका विषय घेतला. माझ्या बाकावरची रूपी मात्र डोंगर घेऊन आली.

रूपी डहाणूच्या वसतिगृहात राहते, तिचा पाडा तलासरीच्या पुढे. पाड्यामागचा डोंगर एका शेठला दगडाच्या खाणीसाठी हवा होता. डोंगराच्या पायथ्याला झरा, त्याच्यावर अख्खा पाडा पाणी पितो. वर वाघदेव, पाड्याचा देव. काहींना खाणीतलं काम आणि रस्ता हवा होता, पण जास्त माणसं नको म्हणत होती आणि सगळ्यांत मोठ्याने नको म्हणत होती रूपीची आई, बायजी. रूपीचंही तेच मत. म्हणून सरांच्या नियमाप्रमाणे रूपीला खाणीच्या बाजूने बोलायचं होतं.

तिने भाषण इतकं चांगलं लिहिलं की मला रागच आला. एवढी मेहनत कशाला, म्हटलं. ती हसली. खाणीवर मत घ्यायला लवकरच ग्रामसभा होणार होती. खाणवाल्यांचं म्हणणं पुरतं कळलं तर तिथे त्यांना उत्तर देता येईल, असा तिचा हिशेब होता. मला तो पटला.

शंका टिपून घ्यायला रविवारी मी तिच्याबरोबर गेले. एसटीतून उतरून चालत निघालो. दोन्हीकडे भात पिवळं झालेलं. डोंगराच्या पायथ्याशी एक पांढरी गाडी उभी होती. आत कोणी नव्हतं. वरच्या दगडांवर लाल रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या. गेल्या वेळी ह्या नव्हत्या, एवढंच रूपी म्हणाली आणि झपझप पुढे चालू लागली.

पाड्याची बैठक जिव्याकाका चालवतात, तिचे चुलते. कॉलेजचं काम आहे, सगळ्यांसमोर बोलायचंय, असं तिने त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांनी माणसं वर डोंगरावर, वाघदेवाच्या दगडासमोर बसवली. रूपी उभी राहिली तसे जिव्याकाकांनी तिच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. मला वाटलं, मान देण्याची पद्धत असेल. पण रूपीचा चेहरा उतरला. मागे बसलेली बायजीमावशी अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

रूपी छान बोलली. फार छान बोलली. मी पेन सरसावून बसले होते, पण कोणी एक शब्द विचारला नाही. भाषण संपल्यावर जिव्याकाकांनी तिच्या हातातले तांदूळ घेऊन दगडासमोर वाहिले आणि माणसं आमच्याकडे न बघता उठून गेली.

परतताना मी तांदळाचं विचारलं. वाघदेवासमोर बोलणाऱ्याच्या हातात तांदूळ देतात, रूपी म्हणाली. ते हातात असताना बोललेलं आपलंच बोलणं. खोटं बोललं तर वाघदेव त्या माणसाला नेतो.

“नेतो म्हणजे?”

“नेतो,” ती म्हणाली.

मग घेतलेस कशाला, म्हणून मी चिडले. काका देत होते, सगळे बघत होते, तिथे नको कसं म्हणायचं, असं ती पुटपुटली. खोटं बोलायला आलेय, असं सांगू? ग्रामसभेत सगळं समजावून सांगेन, म्हणाली. एसटीत ती सारखा हात ओढणीला पुसत होती.

कॉलेजात सरांनी विचारलं, किती शंका आल्या. एकही नाही, असं कळल्यावर ते खूश झाले. युक्तिवादात फटच राहिली नाही म्हणाले.

ग्रामसभेलाही मी गेले. शाळेच्या ओट्यावर सतरंज्या घातल्या होत्या आणि डोंगराशी दिसलेली ती पांढरी गाडी फाटकाशी होती. रूपी सगळ्यांआधी उठली. त्या दिवशीचं बोलणं कॉलेजच्या अभ्यासाचं होतं, दुसऱ्याची बाजू होती, माझं मत डोंगर देऊ नये असं आहे, हे तिने नीट सांगितलं. झऱ्याचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. जिव्याकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तांदूळ हातात होते ना तुझ्या?”

“होते, काका.”

“मग त्या दिवशी खोटं बोललीस?”

आवाज चढलेला नव्हता. खरं तर ते तिला मनापासून विचारत होते, आणि म्हणूनच मला भीती वाटली. कोणी रूपीकडे बघत नव्हतं. सगळे तिच्या मागे, डोंगराकडे बघत होते. सरांचा नियम सांगायला मी उठणार होते, पण इथे तो कोणाला सांगायचा तेच कळेना. रूपीचे ओठ हलले. ती हो म्हणणार होती.

त्याआधी बायजीमावशी उठली.

“माझी पोर वाघदेवासमोर खोटं बोललेली नाय,” ती म्हणाली. “ती बोलली तेच खरं हाय. खाण होऊ द्या.”

तिने हात वर केला. मग तिच्या शेजारणीने केला, मग मागच्या माणसांनी, ज्यांना खाण कधीच नको होती त्यांनीसुद्धा. आई नको, आई हात खाली घे, असं रूपी रडत म्हणत राहिली. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या हाताने तिला खांद्याला धरून खाली बसवलं, आपल्या पदराआड घेतलं, आणि ग्रामसेवक हात मोजून संपेपर्यंत आपला हात तसाच वर ठेवला.