सावलीच्या गोष्टीचा हुंकार

मी रामाकोना गावचा, रामाजीच्या घरचा ओटा बोलून राहिलो. बसा. चपला खाली काढा, आत्ताच सारवलं आहे मला.

रामाजीच्या बापानं नाल्यातले दगड रचून, वर माती थापून मला घरापुढं बसवलं. तेव्हापासून मी माणसांच्या बुडाखाली. कापूस वेचून आलेल्या बाया टेकायच्या, संत्र्याचे व्यापारी टेकायचे, भलतंसलतं बोलायचे. आता जो तो मोबाइलमध्ये मान घालून बसतो. त्यापेक्षा कुत्रं बरं, निदान शेपटी हलवतं.

या हिवाळ्यात सौंसरची केतकी आली. नागपूरला पीएचडी करते, लपूनछपून कथाही लिहिते. रामाजीची बायको मनकर्णा, तिच्याजवळची सावलीची गोष्ट केतकीला प्रबंधासाठी हवी होती. सरांनी बजावलं होतं, रेकॉर्डिंगमध्ये तुझा आवाज नको, अस्सल तेवढंच आण.

दिवस कलताना मनकर्णानं सुरू केलं. एका बाईची सावली एकटीच बाजाराला निघाली. माझ्या अंगावरचं ऊन उतरत गेलं, अन् मलाही वाटलं, आपलीच सावली अंगणातून उठून चालली. सावली नदीपार गेली, बाई अलीकडून हाका मारून राहिली... अन् मनकर्णा थांबली.

आमच्याकडे गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं, नाही तर गोष्ट पाऊल टाकत नाही. केतकीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण सरांच्या धाकानं तोंड शिवून बसली होती.

मनकर्णा म्हणाली, "भिंतीले गोष्ट सांगू का वं? मी चालली भाकरी टाकाले."

केतकीनं मोबाइलकडं पाहिलं. आपला आवाज मिसळला तर सर प्रबंधाचं प्रकरण परत करणार, न मिसळला तर गोष्टीला शेवट नाही. मग ती हळूच "हूं" म्हणाली. गोष्ट चालू लागली. नदीनं वाट दिली. सावली परत आली अन् बाईच्या पायाशी निजली.

रामाजी खेकसला, "काल तं बुडाली होती सावली."

"काल हुंकार तुमचा होता. जांभया देत."

केतकी गडबडली. "आजी, मंग खरी कोणती?"

"तूच बसून होती ना इथं? मंग इचारते काय."

केतकीनं प्रकरण लिहिलं. वर नावं घातली: सांगणारी मनकर्णा, हुंकार केतकी. सर म्हणाले, हे संशोधन नाही, ही तुझी कथा झाली.

आज ते सर, मोरेश्वर, स्वतः आले आहेत. प्रकरण ठेवायचं की काढायचं, ते इथंच ठरणार. पॅंटला शेण लागेल म्हणून माझ्या टोकावर बसले आहेत. मनकर्णा पहिलं वाक्य बोलून त्यांच्याकडं पाहत गप्प आहे. केतकीनं मान खाली घातली आहे. तिकडं सावलीनं बाजाराच्या वाटेवर एक पाय उचलून धरला आहे.

माझं कोणाला ऐकू जात नाही, नाही तर मीच म्हटलं असतं. म्हणा ना, सर. पोरीचं अडलं आहे. अन् तुमच्या हुंकारानं सावली कुठं जाते, मलाही पाहायचं आहे.